शेठ दादा अब्दुल्ला : दावा जिंकूनही सवड देणारा व्यापारी

पवित्र कुरआनच्या सूरह अल्-बकराच्या अखेरच्या भागात देण्याघेण्याविषयीच्या दोन आज्ञा अगदी जवळजवळ आलेल्या आहेत. २८० व्या आयतीत, अडचणीत सापडलेल्या ऋणकोला त्याची परिस्थिती सुधारेपर्यंत सवड द्यावी, अशी शिकवण आहे. त्यानंतर लगेच २८२ वी आयत येते. संपूर्ण कुरआनातील ही सर्वांत दीर्घ आयत असून, मुदतीचा प्रत्येक व्यवहार लिहून ठेवावा आणि त्यावर साक्षीदार घ्यावेत, अशी ताकीद तीत दिली आहे. एक आज्ञा मनाच्या औदार्याची, तर दुसरी हिशेबाच्या काटेकोरपणाची. आपण बहुधा यांपैकी एकच ध्यानात ठेवतो. या दोन्ही आज्ञा एकाच माणसाच्या आयुष्यात एकमेकींसमोर उभ्या राहिल्या तर काय होते, हे पाहायचे असेल तर शेठ अब्दुल्ला हाजी आदम झवेरी, म्हणजेच दादा अब्दुल्ला, यांचे चरित्र वाचावे.

शेठ अब्दुल्ला हे पोरबंदरचे मेमन. मुंबईच्या मेमनवाड्यामुळे हा समाज आपल्याला परका नाही. सिंधमधील लोहाणा घराण्यांनी पंधराव्या शतकात इस्लामचा स्वीकार केला आणि ‘मोमिन’ या शब्दावरून त्यांना मेमन हे नाव पडले, अशी त्यांच्यातील परंपरा सांगते. पुढे ही घराणी कच्छ आणि काठियावाडात पसरली. व्यापार हा त्यांच्या पिढ्यान्पिढ्यांचा व्यवसाय आणि समुद्र हा त्यांचा रस्ता. एका भावाने गावी पेढी सांभाळावी, दुसऱ्याने परमुलखात दुकान थाटावे, पुतण्यांना आणि चुलतभावांना मागाहून बोलावून घ्यावे, अशी त्यांची रीत होती. हा सारा डोलारा कागदापेक्षा नात्यावर आणि शब्दावर उभा असे.

१८६० साली दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत उसाच्या मळ्यांसाठी हिंदी गिरमिटिया मजुरांची पहिली जहाजे पोहोचली. त्यांच्यामागून, आपल्या खर्चाने, व्यापारी गेले. त्यांत आघाडीवर होते मॉरिशसमार्गे आलेले अबूबकर आमोद हे मेमन. त्यांचा जम बसल्याची वार्ता पोरबंदरला पोहोचताच तेथील इतर मेमन पेढ्यांनीही डर्बनची वाट धरली. दादा अब्दुल्ला आणि कंपनी ही पुढे त्यांतील सर्वांत मोठ्या पेढ्यांमध्ये गणली जाऊ लागली. कालांतराने तिच्या मालकीची आगबोटही समुद्रात फिरू लागली.

शेठ अब्दुल्लांचे शालेय शिक्षण नाममात्र होते; परंतु अनुभव दांडगा आणि बुद्धी तीक्ष्ण होती. कामापुरते इंग्रजी ते बोलत आणि तेवढ्यावर बँकेच्या अधिकाऱ्यांशी, गोऱ्या व्यापाऱ्यांशी व वकिलांशी व्यवहार करत. अरबी त्यांना येत नव्हती, तरी कुरआनच्या शिकवणीचा आणि इस्लामी साहित्याचा त्यांचा परिचय चांगला होता. धर्मावर बोलणे त्यांना अतिशय प्रिय होते आणि दृष्टान्तांना तर तोटाच नसे. त्यांच्या सहवासात इस्लामची व्यावहारिक ओळख झाल्याचे मोहनदास गांधी यांनी आपल्या आत्मकथेत नमूद केले आहे.

हा तरुण बॅरिस्टर डर्बनला पोहोचला तो शेठजींच्याच दाव्यासाठी. त्यांचे बंधू शेठ अब्दुल करीम यांनी त्याला एका वर्षासाठी, जाण्यायेण्याचे भाडे आणि १०५ पौंड मेहनताना ठरवून, एप्रिल १८९३ मध्ये पाठवले होते. दावा ४०,००० पौंडांचा होता आणि तो प्रिटोरियाच्या न्यायालयात चालू होता. प्रतिवादी होते शेठ तय्यब हाजी खान मुहम्मद. ते परके नव्हते. पोरबंदरचेच, मेमनच आणि नात्यातलेच! दाव्याचे मूळ होते प्रॉमिसरी नोटांमध्ये आणि हिशेबाच्या वह्यांमध्ये. लिहिलेल्या कागदाचा अर्थ काय आणि तो कोणत्या परिस्थितीत लिहिला गेला, यावरच सारा वाद होता. जेथे लिखाण पुरेसे स्पष्ट नसते, तेथे रक्ताचे नातेही पुरे पडत नाही. २८२ व्या आयतीने आधीच दिलेला हा इशारा आहे.

कटुता इतकी होती की, आपली पत्रे प्रतिपक्षाच्या हाती पडू नयेत अशी सक्त सूचना शेठजींनी बॅरिस्टरला प्रिटोरियाला निघताना दिली. त्यावर त्या तरुणाने आपण तय्यब शेठांशी मैत्री करू आणि जमल्यास दावा आपसांत मिटवू असे म्हटले, तेव्हा ते चमकले. तडजोड झाली तर उत्तमच, हे त्यांना मान्य होते. पण तय्यब शेठ सहजासहजी वळतील असा त्यांना भरवसा नव्हता. याच प्रवासात मारित्झबर्ग स्थानकावर गांधींना गाडीतून उतरवण्यात आले. शेठजींना तार मिळताच त्यांनी रेल्वेच्या अधिकाऱ्याची गाठ घेतली आणि वाटेवरच्या हिंदी व्यापाऱ्यांना तारा करून त्यांची व्यवस्था लावली.

पुढे जवळजवळ वर्षभर दावा चालला. दोन्ही बाजूंनी नामांकित वकील लावले होते. खर्च वाढत होता, दोन्ही शेठांचा धंदा मागे पडत होता आणि मनातले अंतर रुंदावत होते. अखेर गांधींनी उभय पक्षांना लवादापुढे जाण्यास राजी केले. लवादाने दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल शेठ अब्दुल्लांच्या बाजूने दिला. तय्यब शेठांना सुमारे ३७,००० पौंड आणि वर खर्च द्यायचा होता.

वाचकहो, खरी परीक्षा येथून पुढे सुरू झाली. एवढी रक्कम एकरकमी भरणे तय्यब शेठांना शक्य नव्हते. एक पैही कमी द्यायची नाही, असा त्यांचा निर्धार होता. पण दिवाळे निघणे त्यांना सोसणार नव्हते. दक्षिण आफ्रिकेतील पोरबंदरच्या मेमनांमध्ये दिवाळखोरीपेक्षा मरण बरे, असा अलिखित दंडक होता. आणि शेठ अब्दुल्लांच्या हाती निकाल होता. त्यांनी वसुलीचा हट्ट धरला असता तर कायद्याने त्यांना कोणी अडवले नसते. आपलाच आप्त उद्ध्वस्त झाला असता, एवढेच.

शेठजी लगेच तयार झाले असे समजू नका. लवादासाठी त्यांचे मन वळवण्यापेक्षा हप्त्यांसाठी वळवणे गांधींना अधिक कठीण गेले. हे लपवण्याचे कारण नाही. ज्याने वर्षभर आपल्याला न्यायालयात उभे केले, त्याला विजयानंतर सवड देणे हा नफ्सशी संघर्ष असतो. पण अखेर शेठ अब्दुल्ला त्या प्रसंगी मोठे ठरले. त्यांनी दीर्घ मुदतीचे हप्ते मान्य केले. हक्क सोडला नाही, मात्र गळ्याला फासही लावला नाही. दोघांचीही समाजातील प्रतिष्ठा वाढली.

या सवडीचे मोल पुढच्या वर्षांत दिसून आले. १८९४ मध्ये नाताळच्या सरकारने हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेण्याचे विधेयक आणले. तेव्हा विचारविनिमयाच्या सभा शेठ अब्दुल्लांच्याच घरी भरल्या. २२ ऑगस्ट १८९४ रोजी नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १८९६ च्या डिसेंबरात त्यांची ‘कुर्लंड’ आणि तिच्याबरोबर ‘नादेरी’ अशा दोन बोटी सुमारे ८०० प्रवासी घेऊन मुंबईहून डर्बनला पोहोचल्या. मुंबईतील प्लेगचे निमित्त करून गोऱ्यांनी त्या तीन आठवड्यांहून अधिक काळ बंदराबाहेर रोखून धरल्या. बोटी परत पाठवा, नुकसान भरून देतो, अशी लालूच दाखवली गेली. धमक्याही दिल्या गेल्या. त्या वेळी पेढी सांभाळणारे शेठ अब्दुल करीम डगमगले नाहीत. १३ जानेवारी १८९७ रोजी प्रवासी उतरलेच.

आणि तय्यब शेठ? ट्रान्सवालमधील हिंदी लोकांना ठरावीक वस्तीबाहेर व्यापार करण्यास मज्जाव करणाऱ्या कायद्याविरुद्ध १८९८ साली जो महत्त्वाचा दावा उभा राहिला, तो त्यांच्याच नावाने. निकाल विरुद्ध गेला. पण समाजासाठी उभा राहणारा माणूस शिल्लक होता. चार वर्षांपूर्वी तो दिवाळखोर ठरला असता तर?

वाचक बंधू-भगिनींनो, आता आपल्या घरांकडे पाहू या. दुकानाची भागीदारी, वडिलार्जित घर, बहिणीचा वारसाहक्क, मेहुण्याला दिलेली उसनवार यांवरून किती भाऊ आज एकमेकांच्या दारात पाऊल ठेवत नाहीत! ईदच्या दिवशी गळाभेट होते आणि दुसऱ्या दिवशी दोघेही वेगवेगळ्या वकिलाकडे जातात. आपण व्यवहार करताना नात्याची भीड धरून लिहीत नाही आणि वसुली करताना नाते विसरून वागतो. कुरआनची शिकवण नेमकी याच्या उलट आहे. देताना स्पष्ट लिहा, साक्षीदार ठेवा. आणि घेताना समोरच्याच्या अडचणीकडे पाहा.

शेठ दादा अब्दुल्लांपाशी धन होते, बोट होती, मान होता. तरी त्यांची आठवण आज ज्या गोष्टीसाठी काढावी, ती म्हणजे निकाल हाती असताना त्यांनी आपल्या आप्ताला दिलेली सवड. तुमच्याही कपाटात एखाद्या अडलेल्या नातलगाने लिहून दिलेला कागद असेल. तो फाडा, असे कोणी म्हणत नाही. मात्र आज त्याला निरोप पाठवा, हप्ते बांधून द्या आणि ते हप्ते लिहून ठेवा. अल्लाह आपल्या सर्वांना हक्क मागताना न्यायाने आणि हक्क मिळाल्यावर दयेने वागण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.