तांबड्या प्रकाशाचे गुपित उकलणारे स्टर्लिंग हेंड्रिक्स

पॉलीहाऊसमध्ये शेवंती घेणारे शेतकरी रात्री दिवे लावतात. दिवे चालू आहेत तोवर झाड नुसते वाढते, दांडा लांब होतो. दिवे बंद केले की कळी धरते. हे तंत्र आता पुष्कळांना ठाऊक आहे. पण दिव्याचा रंग कोणता हवा, आणि एवढासा उजेड झाडाला कळतो तरी कसा, याचा छडा ज्यांनी लावला त्यांतले एक प्रमुख शास्त्रज्ञ म्हणजे अमेरिकेचे डॉ. स्टर्लिंग हेंड्रिक्स. शेतीशास्त्रात त्यांचे नाव मोठे आहे, बांधावर मात्र ते फारसे पोचले नाही. म्हणून ही ओळख.

हेंड्रिक्स यांचा जन्म १९०२ साली टेक्सास राज्यातल्या एलिशियन फील्ड्स या छोट्या गावी झाला. वडील खेड्यात डॉक्टरकी करीत. हेंड्रिक्स मुळात वनस्पतीवाले नव्हेत, रसायनशास्त्राचे माणूस. १९२६ साली त्यांनी कॅलिफोर्नियात डॉक्टरेट मिळवली. पुढे नोबेल मिळवणारे लायनस पॉलिंग तिथे त्यांच्याबरोबर संशोधन करीत होते. १९२८ साली हेंड्रिक्स अमेरिकेच्या सरकारी शेती खात्यात रुजू झाले आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ त्याच खात्यात राहिले.

सुरुवातीची वर्षे त्यांनी मातीला दिली. मातीचा अगदी बारीक चिकण भाग म्हणजे बिनआकाराचा लगदा, अशी तेव्हा पुष्कळांची समजूत होती. क्ष-किरण सोडून पाहिल्यावर हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९३० साली दाखवले, की या कणांनाही मिठाच्या खड्यासारखी ठराविक स्फटिकी रचना असते. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, ती असल्याच पापुद्रेवाल्या खनिजांमुळे. त्या खनिजांच्या अभ्यासातही त्यांचा वाटा आहे.

माणूस अंगाने काटक. गिर्यारोहणाचा मोठा नाद. १९४२ साली सैन्याचे थंडीचे कपडे व साहित्य तपासणाऱ्या तुकडीबरोबर ते अलास्कातल्या मॅकिन्ले शिखरावर जाऊन आले. उत्तर अमेरिकेतले हे सर्वात उंच शिखर.

आता मूळ विषयाकडे येऊ. १९२० साली गार्नर आणि अलार्ड या शेती खात्यातल्याच शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवून दिले होते, की फूल कधी धरायचे हे पुष्कळ झाडे दिवसाच्या लांबीवरून ठरवतात. पुढे १९३८ साली आणखी एक गोष्ट उघड झाली. झाड खरे तर रात्र मोजते. लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ दिवा लावला, तर गोखरूच्या जातीचे झाड फुलायचेच थांबते. आता प्रश्न असा, की हा उजेड झाडात टिपतो कोण?

मेरीलँड राज्यातल्या बेल्ट्सव्हिल येथील सरकारी संशोधन केंद्रात वनस्पतीशास्त्रज्ञ हॅरी बॉर्थविक आणि मॅरियन पार्कर यांनी १९४० नंतरच्या दशकात हा प्रश्न हाती घेतला आणि हेंड्रिक्स यांना जोडीला घेतले. त्यांनी कार्बनच्या प्रखर दिव्याचा प्रकाश मोठ्या लोलकांतून सोडला आणि इंद्रधनुष्यासारखा रुंद पट्टा पाडला. त्या पट्ट्यात, एकेका रंगात, सोयाबीनची रोपे मध्यरात्री काही मिनिटे ठेवायची, मग परत अंधारात न्यायची आणि काही दिवसांनी कळ्या मोजायच्या. काम किचकट, पण निकाल स्वच्छ आला. फूल रोखायला तांबडा प्रकाश सर्वात कमी पुरतो. हिरवा-निळा त्या मानाने फारच दुबळा. मग तोच प्रयोग जवावर केला. जव लांब दिवसाचे पीक. तिथेही तांबडाच रंग प्रभावी ठरला, फक्त परिणाम उलटा : जव त्याने फुलोऱ्यावर आले. याचा अर्थ, दोन्ही प्रकारच्या झाडांत बटण एकच आहे.

१९५२ साली लेट्यूस या पालेभाजीच्या बियाण्याने पुढची वाट दाखवली. तांबडा प्रकाश दिला की बी उगवते. त्यावर लगेच तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा अतितांबडा प्रकाश दिला की उगवत नाही. असे कितीही वेळा आलटून पालटून केले, तरी शेवटचा प्रकाश कोणता यावरच सगळे ठरते. फुलाच्या बाबतीतही तसेच निघाले. यावरून हेंड्रिक्स आणि मंडळींनी अंदाज बांधला, की झाडात दोन रूपे घेणारे एक रंगद्रव्य असले पाहिजे. ते कोणी पाहिलेले नव्हते, त्यामुळे काही शास्त्रज्ञांनी थट्टाही केली. १९५९ साली बेल्ट्सव्हिलच्याच बटलर आणि नॉरिस यांच्या उपकरणाने अंधारात वाढवलेल्या मक्याच्या रोपांत ते सापडले. त्याला फायटोक्रोम हे नाव मिळाले. रात्र मोजायला झाडाचे आतले घड्याळही लागते आणि निळा प्रकाश टिपणारी द्रव्ये वेगळी असतात, हे नंतर कळले. पण रात्री दिवा लागल्याची खबर मुख्यतः फायटोक्रोमच देतो.

हेंड्रिक्स १९७० साली निवृत्त झाले. १९७५ सालचे अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना मिळाले. १९८१ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले.

आता याचा आपल्याला उपयोग काय, ते बघा. शेवंती रोखून धरायची असेल तर दिव्यात तांबडा प्रकाश हवा. निव्वळ निळे दिवे स्वस्त मिळाले म्हणून टांगू नका. पिवळसर पांढऱ्या एलईडीत तांबडा भाग असतो, तो चालतो. उजेड मध्यरात्रीच्या सुमारास द्या आणि सगळ्या वाफ्यांवर सारखा पडतो का ते पाहा. सावलीतली झाडे आधी कळी धरतील आणि तोडणी एकसारखी होणार नाही. कळी धरायची वेळ आली की रात्र पूर्ण काळी ठेवा. ड्रॅगनफ्रूट याच्या उलट, ते लांब दिवसाचे. म्हणून हंगाम नसताना त्याला रात्री दिवे देतात. गुलाब मात्र दिवसाच्या लांबीकडे फारसे बघत नाही. केवळ फूल यावे म्हणून गुलाबाला रात्री दिवे लावणे म्हणजे विजेचे बिल वाढवणे.

ग्रामपंचायतीच्या पदाधिकाऱ्यांनीही एक ध्यानात घ्यावे. रस्त्यावरच्या दिव्याचा झोत शेजारच्या सोयाबीनवर रात्रभर पडला, तर तेवढ्या पट्ट्यात फुले-शेंगा उशिरा धरतात आणि बाकीचे शेत वाळले तरी तो पट्टा हिरवाच राहतो. शेतकरी बियाण्याला दोष देतो, दुकानदाराशी भांडतो, आणि कारण खांबावर असते. दिव्याला शेताच्या बाजूने पत्र्याची आड लावली किंवा त्याचे तोंड रस्त्याकडे वळवले, तर काम भागते. खर्च किरकोळ आहे. खरिपाची पेरणी होण्याआधी एकदा गावातले असे खांब बघून घ्यावेत.