क्नुद क्नुद्सेन : नॉर्वेच्या लेखनभाषेला वळण देणारा शिक्षक

आजच्या नॉर्वेत बहुसंख्य मुले ज्या लेखनभाषेत लिहा-वाचायला शिकतात, तिला 'बूकमोल' म्हणजे ग्रंथभाषा असे म्हणतात. या भाषेचे जनकत्व राजाकडे, कवीकडे किंवा विद्यापीठातील प्राध्यापकाकडे जात नाही. ते जाते ख्रिस्तियानियातील, म्हणजे आजच्या ओस्लोतील, एका शाळाशिक्षकाकडे. क्नुद क्नुद्सेन हे त्यांचे नाव. इब्सेन आणि ब्यॉर्नसन यांची नावे साऱ्या जगाला ठाऊक झाली, पण त्यांचे समकालीन असलेल्या क्नुद्सेन यांचे नाव नॉर्वेबाहेर फारसे कुणी ऐकलेले नाही.

क्नुद्सेन यांचा जन्म ६ जानेवारी १८१२ रोजी नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावरील ट्वेडेस्ट्रान गावाजवळ, होल्ट येथे झाला. घरची स्थिती बेताची होती. वडील गावोगाव फिरून मुलांना शिकवणारे शिक्षक होते. क्नुद्सेन दोन वर्षांचे असताना देशाचे राजकीय भवितव्य पालटले. सुमारे चारशे वर्षे डेन्मार्कशी जखडलेला नॉर्वे १८१४ मध्ये त्यापासून सुटला, स्वतःची राज्यघटना घेऊन उभा राहिला आणि त्याच वर्षी स्वीडनच्या राजाच्या छत्राखाली गेला. राज्यकर्ते बदलले, भाषा मात्र बदलली नाही. कायदे, बायबल, शाळेची पुस्तके, वृत्तपत्रे हे सारे डॅनिशमध्येच चालू राहिले. नॉर्वेची स्वतःची मध्ययुगीन लेखनपरंपरा केव्हाच लोपली होती.

डॅनिश आणि नॉर्वेजियन या सख्ख्या बहिणी असल्याने ही विसंगती मोठ्यांना फारशी टोचत नसे. टोचत असे ती मुलांना. घरात पुस्तकाला 'बूक' म्हणणाऱ्या मुलाला शाळेत 'बोग' असे लिहावे लागे. रस्ता बोलताना 'गाते', पण कागदावर 'गाडे'. आईबापांना हाक मारायची 'मूर' आणि 'फार' अशी, लिहायचे मात्र 'मोडर' आणि 'फाडर'. त्यात भर म्हणजे शाळेत आणि चर्चमध्ये पुस्तक वाचताना प्रत्येक अक्षर जसे लिहिले तसे उच्चारण्याची रीत होती. मोठ्याने वाचायची ही भाषा ना डेन्मार्कची होती, ना नॉर्वेतील कोणत्याही घरातली.

आरेंडाल येथे शालेय शिक्षण पुरे करून क्नुद्सेन विद्यापीठात गेले आणि १८४० मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, भाषाशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडले. द्राम्मेनच्या लॅटिन शाळेत काही वर्षे शिकवून १८४६ मध्ये ते राजधानीतील कॅथेड्रल स्कूलमध्ये आले आणि १८८० मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. सारी सुधारणा त्यांनी या नोकरीत राहून केली. वर्गात जे रोज दिसत होते, त्यातूनच त्यांचा सिद्धान्त जन्मला : मूल जे बोलते त्याच्या जवळचे लिहायला दिले, तर त्याची कितीतरी वर्षे वाचतील. लॅटिन आणि ग्रीकवर खर्च होणारे शाळेचे तास मातृभाषेला मिळावेत, यासाठीही ते हिरिरीने लिहीत राहिले. लॅटिन हाच विद्वत्तेचा दाखला मानणाऱ्या काळात, लॅटिन शिकवणाऱ्या शाळेतल्या शिक्षकाने असे लिहिणे सोपे नव्हते.

लेखनभाषा नॉर्वेजियन व्हावी ही मागणी त्यांची एकट्याची नव्हती. कवी हेन्रिक वेर्गेलान यांनी १८३५ मध्येच तिचा पुकारा केला होता. क्नुद्सेन यांच्याहून दीड वर्षाने लहान असलेले ईवार ओसेन वेगळ्या वाटेने निघाले. त्यांनी खेड्यापाड्यांतून पायपीट करून बोली गोळा केल्या, त्यांचे व्याकरण आणि कोश सिद्ध केला आणि त्यांतून एक सर्वस्वी नवी लेखनभाषा उभारली. क्नुद्सेन यांना हा मार्ग व्यवहार्य वाटला नाही. आहे ती डॅनिशच हाती घ्यावी, तिला एकेका अक्षराने, एकेका नियमाने नॉर्वेजियन करीत जावे, आणि वाचकाला धक्का न देता पिढ्यानपिढ्या पुढे न्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. यासाठी प्रमाण कोणते? तर शिकलेल्या माणसांचे घरगुती, सहज बोलणे. ते देशभर जवळपास एकसारखे आहे आणि त्याचे ध्वनी नॉर्वेजियन आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. १८४५ मध्ये 'नोर' या नियतकालिकातील ध्वनी आणि शुद्धलेखनावरील प्रदीर्घ निबंधात त्यांनी ही भूमिका प्रथम मांडली, तर १८५६ च्या व्याकरणात ती सविस्तर सिद्ध केली.

या भूमिकेत एक विरोधाभास होता. खेड्यातल्या गरीब शिक्षकाचा हा मुलगा प्रमाण म्हणून निवडत होता शहरी सुशिक्षितांची बोली. त्यांचा जन्म ज्या दक्षिण किनाऱ्यावर झाला, त्याच्या मोठ्या पट्ट्यात तर डॅनिशसारखेच मृदू 'ब', 'ड', 'ग' बोलले जात. तरीही ते कठोर 'प', 'त', 'क' यांच्या बाजूने उभे राहिले. खेड्यातल्या मुलाला 'बोग'पेक्षा 'बूक' जवळचे होते हे खरे, पण त्याच्या बोलीतले आणखी बरेच काही या प्रमाणाबाहेर राहिले. ओसेन यांच्या पक्षाचा मुख्य आक्षेप हाच होता आणि तो निराधार म्हणता येत नाही.

अक्षरांइतकीच त्यांना उच्चारांची काळजी होती. त्या काळी राजधानीच्या रंगभूमीवर डॅनिश नटांचे राज्य होते आणि रंगमंचावर शोभणारा उच्चार डॅनिशच, असा समज होता. १८५२ मध्ये नॉर्वेजियन नट तयार करण्यासाठी ख्रिस्तियानियात वेगळे नाट्यगृह निघाले, तेव्हा नटांना नॉर्वेजियन उच्चार शिकवण्याचे काम क्नुद्सेन यांनी केले. पुढे इब्सेन याच नाट्यगृहाचे संचालक झाले. १८६२ मध्ये ते नाट्यगृह कर्जात बुडाले, पण रंगभूमीवर आपला उच्चार चालतो हे प्रेक्षकांनी तोवर ऐकले होते.

त्याच १८६२ साली शुद्धलेखनातील पहिली अधिकृत सुधारणा झाली. अनुच्चारित 'ई' गेला, दीर्घत्व दाखवण्यासाठी स्वर दोनदा लिहिण्याची पद्धत गेली. बदल किरकोळ होते, पण दार किलकिले झाले. १८६९ मध्ये स्टॉकहोम येथे स्कँडिनेव्हियन देशांच्या लेखनपद्धती एकमेकींच्या जवळ आणण्यासाठी परिषद भरली. नॉर्वेच्या प्रतिनिधींत क्नुद्सेन आणि इब्सेन दोघेही होते. तेथे सुचवलेल्या काही सुधारणा इब्सेन यांनी नंतर आपल्या लेखनात स्वीकारल्या.

अक्षरसुधारणेत संयमाचा पुरस्कार करणारे क्नुद्सेन शब्दांच्या बाबतीत मात्र तितके संयमी राहिले नाहीत. १८७९ ते १८८१ या काळात त्यांनी परकीय शब्दांना देशी पर्याय देणारा भलाथोरला कोश प्रसिद्ध केला. त्यातले काही शब्द रुळले, पुष्कळसे कोशातच राहिले. माणसे नेहमी बोलतात ते लिहावे हा ज्यांचा मूळ आग्रह, त्यांनीच कुणी न बोललेले शब्द घडवावेत, हे जरा विचित्रच होते.

दोन्ही बाजूंनी टीका झेलणे हे त्यांच्या वाट्याला आयुष्यभर आले. जुन्या वळणाच्या सुशिक्षितांना त्यांची भाषा गावंढळ वाटे, तर ओसेन यांच्या अनुयायांना ती ठिगळे लावलेली डॅनिश वाटे. १८८५ मध्ये संसदेने ओसेन यांच्या भाषेला प्रस्थापित लेखनभाषेच्या बरोबरीचे स्थान दिले. क्नुद्सेन यांचे 'बूक' आणि 'गाते' मात्र तेव्हाही शाळेच्या वहीत अशुद्धच ठरत होते. ४ मार्च १८९५ रोजी राजधानीतच त्यांचे निधन झाले.

दहा वर्षांनी, १९०५ मध्ये, नॉर्वे स्वीडनपासूनही स्वतंत्र झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०७ च्या सुधारणेत, कठोर 'प', 'त', 'क' अधिकृत झाले. १९१७ मध्ये आणखी एक पाऊल पडले आणि १९२९ मध्ये या लेखनभाषेला 'बूकमोल' हे नाव मिळाले, ओसेन यांच्या परंपरेला 'नीनॉर्स्क'. क्नुद्सेन यांच्या आठवणींचे पुस्तक १९३७ मध्ये छापले गेले. तोपर्यंत 'बूक' असेच लिहायला शिकलेली एक पिढी शाळेतून बाहेर पडली होती.