प्रकाशाचे जाणकार : राजा दीनदयाळ

मेरठजवळच्या सरधना या गावी १८४४ साली एका जैन कुटुंबात दीनदयाळ यांचा जन्म झाला. रुडकीच्या थॉमसन महाविद्यालयात स्थापत्यशास्त्राचे शिक्षण घेऊन १८६६ साली ते इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. इमारतींचे आराखडे काढावेत, खर्चाचे अंदाज बांधावेत, असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. १८७४ च्या सुमारास ते छायाचित्रणाकडे वळले. मध्य भारतातील ब्रिटिश प्रतिनिधी सर हेन्री डॅली आणि इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना उत्तेजन दिले.

१८८२ साली डॅली यांच्यानंतर आलेले सर लेपल ग्रिफिन यांच्यासमवेत ते मध्य भारताच्या दौऱ्यावर निघाले. ग्वाल्हेर, खजुराहो, सांची येथील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे काढण्याची कामगिरी त्यांच्यावर होती.

हे काम आज वाटते तितके सोपे नव्हते. तिपाईवर ठेवलेला जड लाकडी कॅमेरा, ठिसूळ काचा आणि रसायने बैलगाडीतून न्यावी लागत. पूर्वी काचेवर ओले रसायन चढवून ते वाळण्याआधीच चित्र घ्यावे लागे. उन्हाळ्यात ते पाहता पाहता वाळून जाई. तयार कोरड्या काचा मिळू लागल्यावर ही घाई संपली. सूर्याची मर्जी मात्र सांभाळावीच लागे. भर दुपारच्या उन्हात कोरीव काम सपाट दिसते. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक नक्षीमागे सावली पडते आणि दगड जिवंत होतो. त्या काळच्या काचा निळ्या रंगाला चटकन आणि तांबड्याला फारच कमी दाद देत. परिणामी आकाश पांढरेफटक उमटे, ढग हरवत आणि तांबड्या दगडाच्या भिंती काळवंडत. तेव्हा चौकट भरायची ती वास्तूच्या आकारानेच.

छायाचित्राचा कागद काचेला चिकटवून उन्हात धरावा लागे. काच जेवढी, चित्र तेवढेच. म्हणून कॅमेरा कोठे उभा करावा याचा निर्णय जागेवरच अचूक घ्यावा लागे. येथे त्यांची आराखडे काढणारी नजर उपयोगी पडली. खांब सरळ दिसावेत, कमानींची ओळ दूरवर जाताना भासावी, अशी जागा ते शोधत. अनेक चित्रांत त्यांनी एखादा माणूस उभा केलेला आढळतो. त्या इवल्याशा आकृतीमुळे शिखराची खरी उंची पाहणाऱ्याला उमगते. ग्रिफिन यांच्या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही चित्रे समाविष्ट झाली.

नोकरी आणि ही ओढ एकत्र चालणे कठीण होते. त्यांनी आधी दीर्घ रजा घेतली आणि मग नोकरीच सोडली. दोन मुलांचा संसार असताना खात्रीचा पगार सोडून ऊन-पावसावर अवलंबून असणारा व्यवसाय पत्करणे, हे साहसच म्हणावे लागेल. पुढे हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले आणि 'राजा' हा किताब दिला. सिकंदराबादनंतर १८९६ साली त्यांनी मुंबईतही चित्रशाळा उघडली.

अखेरचे दिवस दुःखाचे गेले. १९०४ साली धाकटा मुलगा धरमचंद वारला आणि पुढच्याच वर्षी मुंबईत दीनदयाळ यांनी देह ठेवला. त्यांच्या चित्रशाळेतील २,८५७ काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने विकत घेतल्या.