विल्हेल्म मायबाख

वाघोलीहून नगर रस्त्यानें दगड-खडीचे ट्रक जातात, ते वजनकांट्यावर उभे राहतात. भरलेल्या गाडीच्या वजनांतून रिकाम्या गाडीचें वजन वजा केलें म्हणजे मालाचें वजन निघतें, हें आमच्या शाळेंतील लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु मोटारीच्या इंजिनाचें खरें वजन किती, असें कोणीं विचारिलें तर मोठी माणसेंही घोटाळ्यांत पडतात. पाणी व तेल भरून, कीं रिकामें? गिअरबॉक्स त्यांत धरावयाचा, कीं निराळा? हा हिशेब चुकला तर इंजिन उचलणारी साखळी तुटून कारागिराच्या जिवावर बेतते. म्हणून इंजिनाचें वजन घटविण्यांत ज्यानें आयुष्य वेंचलें, त्या पुरुषाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

विल्हेल्म मायबाख याचा जन्म जर्मनींतील हाइलब्रोन येथें ९ फेब्रुवारी १८४६ रोजीं एका सुताराच्या घरीं झाला. वयाच्या दहाव्या वर्षीं तो आईबापांस पारखा झाला. गुस्ताव वेर्नर नांवाचे धर्मोपदेशक रॉयटलिंगेन येथें ब्रुडरहाउस ही निराश्रितांची संस्था चालवीत. तेथें ह्या पोरक्या मुलास आसरा मिळाला. संस्थेच्या कारखान्यांत मुलांस हातचें काम शिकावें लागे. मायबाख यंत्रांचे आराखडे काढण्यांत निष्णात झाला. कारखान्याचे व्यवस्थापक गॉटलीब डाइमलर यांची दृष्टि त्याजवर पडली, आणि डाइमलर निवर्तेपर्यंत, सुमारें ३५ वर्षें, ती जोडी अभंग राहिली.

१८७२ सालीं दोघे कोलोनजवळील डॉइट्झ येथें इंजिनांच्या कारखान्यांत गेले. तेथील गॅसवर चालणारीं इंजिनें अवजड, एका जागीं पक्कीं बसवावयाचीं. असलें इंजिन गाडीवर चढविलें तर स्वतःचें ओझें वाहण्यांतच त्याची शक्ति खर्च व्हावयाची. फेऱ्यांचा वेग वाढविला तर लहान इंजिनाकडूनही मोठें काम घेतां येईल, हें दोघांनीं हेरलें. १८८२ सालीं कान्श्टाट येथें डाइमलरांच्या बागेंतील काचघरांत त्यांनीं गुप्तपणें काम आरंभिलें. १८८५ सालचें त्यांचें उभें इंजिन सुमारें ६० किलो वजनाचें असून मिनिटास ६०० फेरे करी व अर्धी अश्वशक्ति देई. तें त्यांनीं एका लांकडी दुचाकीवर बसविलें.

१९०० च्या मार्च महिन्यांत डाइमलर निवर्तले. त्याच महिन्यांत फ्रान्समधील नीस शहराजवळ ला तुर्बीच्या शर्यतींत डाइमलर कंपनीची उंच व जड मोटार आदळून चालक विल्हेल्म बावर प्राणास मुकला. कंपनीचे मोठे गिऱ्हाईक एमिल येलिनेक यांनीं ठेंगणी व हलकी गाडी मागितली. मायबाखनें इंजिन नव्यानें आखलें. दांड्याची पेटी हलक्या मिश्रधातूची केली. पाणी थंड करण्यासाठीं ८०७० बारीक नळ्यांचें मधाच्या पोळ्यासारखें यंत्र बनविलें. त्यामुळें १८ लिटर पाण्याचें काम ९ लिटरांत होऊं लागलें. नवें इंजिन २३० किलोंचें व ३५ अश्वशक्तीचें झालें. पूर्वीं एका अश्वशक्तीमागें १२० किलो पडत, ते आतां साडेसहा किलोंवर आले. येलिनेकच्या मुलीच्या नांवावरून मर्सिडीज म्हटली गेलेली ही गाडी मार्च १९०१ मध्यें नीस येथें विजयी झाली.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पाण्याच्या बचतीनें गाडीचा भार नऊ किलोंनीं घटला. परंतु इंजिन कोरडें तोलणाऱ्यास ती बचत कांट्यावर दिसणार नाहीं. काय काय तोललें हें सांगितल्यावांचून वजनाचा आंकडा अपुरा होय.

मायबाखनें १९०७ सालीं ती कंपनी सोडली. पुढें त्याचा मुलगा कार्ल त्सेपेलिन विमाननौकांचीं इंजिनें करूं लागला. आकाशांत तर प्रत्येक किलोचा हिशेब द्यावा लागतो. २९ डिसेंबर १९२९ रोजीं मायबाख निवर्तला. आपल्या पुणें जिल्ह्यांत चाकण येथें २००९ पासून मर्सिडीज मोटारी तयार होतात.

विद्यार्थिमित्रांनो, प्रयोगशाळेंत वा कारखान्यांत तुम्ही वजन टिपाल, तेव्हां आंकड्याशेजारीं कांट्यावर काय होतें तेंही लिहा. तुमच्या आंकड्यावर विसंबून दुसरा कोणी साखळी निवडणार असतो.