जडसनसाहेबांची उशी

मराठी मुलखात शुभवर्तमान घेऊन आलेले हॉलसाहेब व नॉटसाहेब यांची नावे आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांस ठाऊक आहेत. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतील सेलम गावच्या मंदिरात ज्या पाच तरुणांवर हात ठेवून त्यांस परदेशी सेवेसाठी वेगळे करण्यात आले, त्यांत हे दोघे होते. आणि अडोनिरम जडसन हा तेवीस वर्षांचा तरुणही त्यांत होता. हॉल व नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोहोचले. जडसनसाहेब व त्यांची पत्नी ॲनबाई यांस मात्र कंपनी सरकारने कलकत्त्यास राहू दिले नाही. मार्ग शोधता शोधता ती उभयता जुलै १८१३ मध्ये ब्रह्मदेशातील रंगून बंदरी उतरली. त्याच प्रवासात, भर समुद्रात, त्यांचे पहिले मूल मृत जन्मले होते.

रंगूनास ना ओळख, ना भाषा. साहेब पंडिताजवळ बसून दिवसचे दिवस अक्षरे शिकत राहिले. त्यांचा पुत्र रॉजर आठ महिन्यांचा होऊन १८१६ मध्ये वारला. मौंग नाऊ नावाच्या पहिल्या ब्रह्मी मनुष्याचा बाप्तिस्मा २७ जून १८१९ रोजी झाला. सहा वर्षांच्या पेरणीस हे एक कणीस आले! तरी त्यांनी नांगर सोडला नाही. १८२३ मध्ये ब्रह्मी भाषेत नव्या कराराचे भाषांतर पुरे झाले.

पुढे १८२४ मध्ये इंग्रज व ब्रह्मी राजा यांत युद्ध पेटले. जडसनसाहेब तेव्हा आवा या राजधानीत होते. ते अमेरिकेचे असले तरी गोरे सारे हेर, अशी दरबाराची समजूत झाली. ८ जून १८२४ रोजी शिपाई घरात शिरले. त्यांनी साहेबांस जमिनीवर पाडून दोरीने करकचून बांधले व तुरुंगात नेले. पायांत प्रथम तीन व पुढे पाच बेड्या पडल्या. रात्री कैद्यांच्या पायांतून एक लांब वेळू ओवून तो वर ओढीत, तेव्हा केवळ डोके व खांदे भुईस टेकत.

ॲनबाईंनी भाषांतराची हस्तलिखित प्रत घराच्या जमिनीत पुरून ठेवली होती. पण पावसाळा आला. ओलीने कागद कुजतील, ही चिंता पडली. तेव्हा त्यांनी ती प्रत कापसात गुंडाळून एक उशी शिवली. ती मुद्दाम इतकी कठीण व ओबडधोबड केली की, कोणासही तिचा लोभ वाटू नये. अशा रीतीने देवाचे वचन बेडीतल्या माणसाच्या डोक्याखाली राहिले. एकदा तुरुंगाच्या रखवालदाराने ती उशी काढून घेतली, तेव्हा बाईंनी त्याला चांगली मऊ उशी देऊन ती परत मिळविली. जानेवारी १८२५ मध्ये त्यांस मरायाह नावाची कन्या झाली. त्या तान्ह्या लेकरास घेऊन त्या तुरुंगाच्या दारी येत.

मे १८२५ मध्ये कैद्यांस एकाएकी ऊंग-पेन-ला या गावी हलविण्यात आले. रखवालदारांनी त्यांचे सामान लुटले. उशीचे वरचे आवरण कोणी घेतले व आतला कापसाचा गोळा फेकून दिला. भर उन्हात तापलेल्या वाळूवरून अनवाणी चालताना साहेबांच्या तळपायांची सालटे निघाली. तेव्हा एका कैदी इंग्रजाचा बंगाली चाकर पुढे आला. त्याने डोक्याचे वस्त्र फाडून अर्धे धन्यास दिले, अर्धे जडसनसाहेबांच्या पायांसाठी दिले, आणि आपल्या खांद्याचा आधार देऊन त्यांस जवळजवळ वाहून नेले.

त्या गावी ॲनबाई तापाने पडल्या. अंगावरचे दूध आटले. रखवालदारांस काही देऊन साहेबांनी बाहेर जाण्याची मोकळीक मिळविली, व बेडीच्या पायांनी ते लेकरू उचलून दारोदार गावातल्या आयांकडे दुधाची याचना केली.

फेब्रुवारी १८२६ मध्ये तह झाला व ते मोकळे झाले. इकडे मौंग इंग नावाच्या शिष्याने तो टाकलेला कापसाचा गोळा गुरूची आठवण म्हणून घरी नेऊन ठेवला होता. काही महिन्यांनी तो उकलला, तो आत सारी प्रत जशीच्या तशी!

प्रिय बंधुभगिनींनो, कथा येथे संपती तर किती गोड झाले असते. पण खरी कसोटी पुढेच होती. २४ ऑक्टोबर १८२६ रोजी ॲनबाई वारल्या; साहेब तेव्हा दूर आवा येथे होते. सहा महिन्यांनी सव्वादोन वर्षांची मरायाहही गेली. तुरुंगात न मोडलेला तो मनुष्य या दुःखाने खचला. त्यांनी रानात झोपडी बांधली, जवळ स्वतःची कबर खणली व तिच्या काठाशी बसून राहू लागले. देव आहे हे ते मानीत. पण तो जवळ आहे, असे त्यांस जाणवेना. तुरुंगात शत्रू डोळ्यांपुढे होता. येथे केवळ अंधार होता.

त्या अंधारात कोणी देवदूत उतरला नाही. परंतु जो देव दिसेना, त्याच्याकडे त्यांनी पाठ फिरविली नाही. हळूहळू ते पुन्हा आपल्या कामाला बसले. ३१ जानेवारी १८३४ रोजी संपूर्ण पवित्र शास्त्राचे ब्रह्मी भाषांतर पुरे झाले. १२ एप्रिल १८५० रोजी जहाजावर त्यांचे देहावसान झाले व देह समुद्रास अर्पण केला गेला. रानात खणलेली कबर त्यांच्या कामी आली नाही. त्यांचे भाषांतर मात्र ब्रह्मी ख्रिस्ती लोक आजही वाचतात.

आपल्यांत कोणी बाप्तिस्म्यामुळे घरास मुकला असेल, कोणी लेकरू मातीस दिले असेल, आणि प्रार्थनेस बसता शब्द सुचत नसेल. अशाने आपला विश्वास मेला, असे समजू नका. विश्वासूपण म्हणजे मनाचा उल्हास नव्हे. मन कोरडे असताही धन्याचे काम न टाकणे, हेही विश्वासूपण होय. उपदेशकांनो, आपली पेरणी वाया गेली असे तुम्हांस वाटते, तेव्हा तो कापसाचा गोळा आठवा. साहेबांनी तो गमावला असे मानले. आणि त्याच वेळी तो एका गरीब शिष्याच्या घरी सुरक्षित होता.