मुष्टियोद्धा ज्यो लुई

मुष्टियुद्धात सर्वांत वजनदार योद्ध्यांच्या गटास हेवीवेट गट म्हणतात. १८८९ साली अमेरिकेच्या जॉन सलिव्हनने उघड्या मुठींनी ७५ फेऱ्या लढून या गटाचे अजिंक्यपद राखले. पुढे हातमोजे आले, फेऱ्यांना मर्यादा पडली. खेळाचे रूप पालटले. परंतु एक अन्याय मात्र तसाच राहिला. सलिव्हन अजिंक्यपदासाठी कृष्णवर्णीयाशी लढण्यास तयार नसे. १९०८ मध्ये जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला. पण १९१५ मध्ये त्याचा पराभव होताच कृष्णवर्णीयांना हे द्वार पुन्हा बंद झाले. ते तब्बल २२ वर्षांनी ज्यो लुईने उघडले.

ज्योचा जन्म १३ मे १९१४ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात झाला. घरची मंडळी दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवीत. पुढे हे कुटुंब डेट्रॉइट शहरी आले. मुलाने व्हायोलिन शिकावे, अशी आईची इच्छा होती. पण शिकवणीचे पैसे ज्योने तालमीत खर्च केले. १९३४ मध्ये तो व्यावसायिक मुष्टियोद्धा झाला. जॉन्सनवरील रोष लोक विसरले नव्हते. म्हणून पराभूत प्रतिस्पर्ध्यापुढे कधीही बढाई मारावयाची नाही, असा नियम त्याच्या व्यवस्थापकांनी त्याला घालून दिला. ज्योने तो पाळला.

१९३६ मध्ये जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत धूळ चारली. सरावातील हयगय ज्योला भोवली होती. हा धडा घेऊन तो कसून सरावास लागला आणि २२ जून १९३७ रोजी शिकागोत जगज्जेता झाला. तरीही श्मेलिंगला हरविल्याशिवाय त्याचे समाधान होईना. बरोबर एक वर्षाने न्यूयॉर्कमध्ये सुमारे ७०,००० प्रेक्षकांपुढे ते दोघे पुन्हा भिडले. त्या वेळी जर्मनीत हिटलरची सत्ता होती. त्यामुळे काळे-गोरे सारे अमेरिकन ज्योच्या पाठीशी उभे राहिले. अवघ्या १२४ सेकंदांत ज्योने लढत जिंकली.

१९४२ मध्ये तो सैन्यात भरती झाला. दोन लढतींची मिळकत त्याने नौदलाच्या व सैन्याच्या मदतनिधीस दिली. परंतु ज्या सैन्यात तो गेला, तेथेही कृष्णवर्णीयांच्या तुकड्या वेगळ्याच होत्या.

१९४९ पर्यंत त्याने अजिंक्यपद २५ वेळा राखले. पुढे कराच्या थकबाकीपायी त्याला निवृत्तीनंतरही लढावे लागले. १९५१ मध्ये तरुण रॉकी मार्सियानोने त्याला हरविले. संकटकाळी त्याच्या साहाय्यास धावला तो जुना प्रतिस्पर्धी श्मेलिंग! १२ एप्रिल १९८१ रोजी ज्योचे निधन झाले.

कोणत्या काळातील योद्धा अधिक बलवान, हा वाद रसिक आजही घालतात. सलिव्हन व ज्यो यांची झुंज कधी झालीच नाही. मग निकाल लागणार कसा? मात्र सलिव्हनला केवळ प्रतिस्पर्ध्याशी लढावे लागले, तर ज्योला आपल्या काळाशीही झुंजावे लागले. त्याने उघडलेले द्वार पुन्हा कधी बंद झाले नाही, यातच त्याचे खरे मोठेपण आहे.