रिचर्ड प्रायर आणि 'तो' शब्द

पीएल सुरू झाली की हॉस्टेलमध्ये अभ्यास सोडून बाकी सगळ्या गोष्टींना जोर येतो. मागच्या सेमिस्टरला आमच्या रूमवर रात्री दोन वाजता लॅपटॉपवर एका अमेरिकन कृष्णवर्णीय कॉमेडियनचा शो चालू होता. गडी दर वाक्याला 'तो' शब्द वापरत होता. कुठला ते तुम्हाला माहीत आहे. इंग्रजी 'एन'ने सुरू होणारा, काळ्या माणसाला हिणवायचा. माझ्या रूम पार्टनरचं म्हणणं असं पडलं की यांनी शंभरदा म्हटलं तर टाळ्या आणि गोऱ्याने एकदा म्हटलं तर करिअर खल्लास, हा कुठला न्याय? मला ते शंभर टक्के पटलं. नुसतं पटून थांबलो असतो तर ठीक होतं. मी त्या कॉमेडियनची नक्कल करत तो शब्द तीन-चार वेळा मोठ्याने म्हणून दाखवला. सगळे खो खो हसले. दारात आमच्याच विंगमधला टांझानियाचा मुलगा उभा होता. चार्जर मागायला आला होता. तो हसला नाही. चार्जर न घेताच गेला.

त्यानंतर मेसमध्ये तो दिसला की मी ताटात बघायचो. शेवटी त्या शब्दाच्याच मागे लागलो आणि शोधत शोधत एका माणसापाशी येऊन थांबलो. रिचर्ड प्रायर. अमेरिकन स्टँड-अपमधला बाप माणूस.

प्रायरचा जन्म १ डिसेंबर १९४० रोजी इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावात झाला. आजी कुंटणखाना चालवायची आणि आई तिथेच धंद्याला होती. पोरगा त्याच घरात, आजीच्या हाताखाली वाढला. चौदाव्या वर्षी शाळेतून काढून टाकलं. १९५८ मध्ये तो लष्करात गेला आणि पश्चिम जर्मनीत पोस्टिंग मिळालं. तिथे 'इमिटेशन ऑफ लाइफ' हा सिनेमा दाखवला जात होता. काळ्या आईची गोरी दिसणारी मुलगी आपलं मूळ लपवते, अशी त्याची गोष्ट आहे. नेमक्या त्या दुखऱ्या प्रसंगांना एक गोरा सैनिक जरा जास्तच हसला. प्रायर आणि इतर काही काळ्या सैनिकांनी त्याला मारलं, चाकूही चालला. तो सैनिक वाचला, पण प्रायरचा लष्करातला बराचसा काळ तुरुंगात गेला. मारामारीचं समर्थन मी करत नाही. पण कोण कशाला हसतं हा प्रश्न या माणसाच्या मागे विशीच्या आतच लागला होता, हे लक्षात ठेवा.

१९६३ मध्ये तो न्यूयॉर्कला आला. तेव्हा बिल कॉस्बीचा जमाना होता. स्वच्छ, घरगुती विनोद, जातपात-वर्णाचं नावही नाही. प्रायरनेही तसंच सुरू केलं आणि तो टीव्हीवर झळकला, पैसा आला. मग १९६७ मध्ये लास व्हेगासच्या अलादीन हॉटेलात, हाऊसफुल्ल प्रेक्षकांसमोर, त्याला एकदम वाटलं की आपण इथे करतोय तरी काय, आणि तो चक्क स्टेजवरून निघून गेला. पुढे काही काळ तो कॅलिफोर्नियात बर्कलीला राहिला, तिथल्या कृष्णवर्णीय लेखक-कार्यकर्त्यांमध्ये वावरला. परत आला तेव्हा त्याच्या विनोदात पिओरियाची गल्ली आली. दारुडे, दलाल, म्हातारे, पोलीस आणि 'तो' शब्दसुद्धा. त्याचा हिशेब असा होता की जो शब्द आपल्याला मारायला वापरला तो आपणच इतका वापरायचा की त्याची धारच जावी. १९७४ मधल्या ज्या अल्बमच्या नावातच तो शब्द होता, त्याला ग्रॅमी मिळालं. १९७६ च्या अल्बमच्या नावातही तो होता आणि त्यालाही ग्रॅमी!

त्याच १९७४ मध्ये मेल ब्रूक्सचा 'ब्लेझिंग सॅडल्स' आला. एका गोऱ्यांच्या गावात काळा शेरीफ नेमला जातो, अशी कॉमेडी. लिहिणाऱ्यांमध्ये प्रायर होता. मुख्य भूमिकाही त्यालाच द्यायची होती, पण स्टुडिओ तयार झाला नाही. या सिनेमात गोरी पात्रं तो शब्द सर्रास वापरतात. पण प्रेक्षक हसतो तो शेरीफला नाही, त्या गावकऱ्यांच्या मूर्खपणाला. म्हणजे गोऱ्याच्या तोंडी तो शब्द कधीच चालला नाही, असंही नाही. हसं कोणाचं होतंय यावर बरंच काही होतं. माझ्या त्या नकलेत हसं कोणाचं झालं होतं? हे वाचताना मला पहिल्यांदा घाम फुटला.

आता खरी गंमत पुढे आहे. १९७९ मध्ये प्रायर केनियाला गेला. तिथे हॉटेलच्या लॉबीत बसून तो लोकांना न्याहाळत होता. सगळ्या रंगछटांची माणसं, सगळ्या प्रकारची कामं करणारी. त्याच्या लक्षात आलं की तीन आठवडे झाले आणि तो शब्द आपल्या तोंडात काय, मनातसुद्धा आलेला नाही. कारण त्या शब्दात बसणारा माणूस त्याला तिथे कोणी दिसलाच नव्हता. मग असा माणूस आपल्या देशात तरी कुठे आहे, हे त्याला उमगलं. १९८० मध्ये ड्रग्जच्या नादात त्याने स्वतःला पेटवून घेतलं आणि मरता मरता वाचला. १९८२ च्या 'लाइव्ह ऑन द सनसेट स्ट्रिप' या फिल्ममध्ये त्याने केनियाची हकीकत सांगितली आणि तो शब्द आपण सोडला असं भर स्टेजवर जाहीर केलं. ज्या शब्दावर दोन ग्रॅमी मिळाली, तोच. काही चाहत्यांना ते अजिबात आवडलं नाही.

१९८६ मध्ये त्याला मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान झालं. १९९८ मध्ये अमेरिकन विनोदासाठीचं पहिलं मार्क ट्वेन पारितोषिक त्याला मिळालं. १० डिसेंबर २००५ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी तो गेला. पुढच्याच वर्षी मायकेल रिचर्ड्स हा गोरा कॉमेडियन लॉस एंजेलिसच्या लाफ फॅक्टरी क्लबात प्रेक्षकांवर तो शब्द ओरडला आणि देशभर गदारोळ झाला. क्लबने तो शब्द सगळ्यांनाच बंद केला. नंतर डेमन वेयन्स या काळ्या कॉमेडियनने तो वापरल्यावर त्याच्यावरही बंदी घातली. आणि प्रायरचा जुना लेखक-मित्र पॉल मूनी, ज्याने हयातभर तो शब्द वापरला, त्यानेही या प्रकरणानंतर तो सोडायचं ठरवलं.

माझ्या पार्टनरचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. नियम दोघांना वेगळा आहे, हे खरंच आहे. पण आम्ही तो प्रश्न विचारत होतो ते आम्हालाही म्हणता यावं म्हणून. प्रायरकडे तर म्हणायचा हक्क होता, टाळ्या होत्या, बक्षिसं होती. त्याने आपल्याकडचा हक्क सोडला. फरक मिटवायची हीसुद्धा एक रीत आहे, हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं.

असो. शेवटी एका रात्री मी चार्जर घेऊन टांझानियाच्या मित्राच्या रूमवर गेलो आणि सॉरी म्हटलं. त्याने चहा केला. मी त्याला प्रायरची सगळी कथा ऐकवली. तो शांतपणे ऐकत होता. मग त्याने सांगितलं की तो शब्द अमेरिकेचा, त्याच्या घरी तो कोणी वापरत नाही. त्याला लागलं ते वेगळंच. इथे रस्त्यावर बाइकवरून जाणारी पोरं त्याला 'काळ्या' म्हणून ओरडतात आणि हसतात. ते हसणं त्याला पाठ झालंय. त्या रात्री आमच्या रूममधून तेच हसणं ऐकू आलं.

मला काही बोलता आलं नाही. चार्जर त्याच्याकडेच ठेवून आलो. आमच्या विंगमध्ये एका मुलाला फर्स्ट इयरपासून सगळे 'काळ्या' म्हणतात. तोही हसतो. परवापासून मी त्याला नावाने हाक मारायला लागलोय. पहिल्या दिवशी त्याने वळूनच पाहिलं नाही. आपल्याला हाक मारलीय हे त्याला कळलंच नव्हतं.